चाकांच्या खुर्चीतून पाहिलेले गाव

इटली नावाचा एक देश आहे. त्या देशात समुद्राजवळ पॉम्पेई नावाचे एक फार जुने गाव आहे. तिथे घरे आहेत, रस्ते आहेत, दुकाने आहेत. पण राहणारे कोणी नाही. हे ओसाड गाव पाहायला दरसाल लाखो लोक जातात. आम्हीही गेलो.

आमच्याबरोबर आमची थोरली बहीण अक्का होती. अक्काचे वय ६८. खुब्याचे हाड मोडल्यापासून ती काठी टेकून वीस-पंचवीस पावले चालते. मग तिला बसावे लागते. तिचा मुलगा तिकडे नोकरीला आहे. त्यानेच आम्हांला बोलावले होते.

निघायच्या दिवशी अक्का म्हणाली, "तुम्ही जा. मी घरीच बसते. माझ्यापायी तुमचा खोळंबा कशाला?"

भाचा म्हणाला, "आई, मी सगळी चौकशी केलीय. तुझ्यासाठी तिथं वाट आहे."

ती वाट कशी आहे, हेच या धड्यात सांगायचे आहे.

गाव गाडले कसे गेले?

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे रोमन लोकांचे राज्य होते. पॉम्पेई हे त्यांचे भरल्या बाजाराचे गाव होते. गावापासून सुमारे १० किलोमीटरवर व्हेसुव्हियस नावाचा डोंगर आहे. हा डोंगर साधा नाही. तो ज्वालामुखी आहे, म्हणजे त्याच्या पोटात आग आहे. इसवी सन ७९ मध्ये तो फुटला. आधी गावावर राखेचा आणि हलक्या दगडांचा पाऊस पडला. छपरे कोसळली. मग तापलेल्या वाफांचा आणि राखेचा लोट आला. मागे राहिलेली माणसे मेली. गावावर पंधरा-वीस फुटांचा थर बसला.

पुढे लोक त्या गावाची जागाही विसरले. १७४८ मध्ये तिथे खोदकाम सुरू झाले. ते अजून संपलेले नाही. सगळे गाव १६० एकरांहून मोठे आहे. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग आजवर मोकळा झाला आहे.

दगडांचे रस्ते

तिथल्या रस्त्यांवर काळसर दगडांच्या मोठमोठ्या लाद्या बसवल्या आहेत. हा दगड ज्वालामुखीतून आलेला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही तसाच आला. गाड्यांची चाके फिरून फिरून लाद्यांवर खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. रस्त्याच्या दोन्ही कडांना पायी चालणाऱ्यांसाठी उंच कट्टे आहेत.

तिथे बहुतेक रस्त्यांखाली गटार नव्हते. पावसाचे आणि सांडपाणी रस्त्यावरूनच वाहायचे. मग पाय न भिजवता रस्ता कसा ओलांडायचा? त्यासाठी रस्त्यात आडवे उंच दगड मांडले होते. माणसे एका दगडावरून दुसऱ्यावर पाय टाकून पलीकडे जात. दोन दगडांमधल्या फटीतून गाडीची चाके जात. नदीच्या उतारावर आपण दगड टाकतो, तशीच ही युक्ती.

युक्ती चांगली, पण धडधाकट पायांसाठी. ज्याला पाय उचलत नाही त्याने काय करावे? चाकांची खुर्ची त्या दगडांतून कशी जावी? जुने दगड फोडून रस्ता सपाट करावा, तर जे पाहायला जायचे तेच नाहीसे होते. आणि दगड तसेच ठेवावेत, तर म्हाताऱ्या आणि अधू माणसांनी फाटकाबाहेर बसून राहावे लागते.

नवी वाट

तिथल्या लोकांनी यातून मार्ग काढला. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी गावातून एक खास वाट खुली केली. ही वाट ३ किलोमीटरहून लांब आहे. तिच्या नावाचा अर्थच 'सर्वांसाठी पॉम्पेई' असा आहे. जिथे पायरी होती तिथे उतार केला. जिथे रस्ता ओलांडायचा तिथे सपाट पूल टाकला. काही ठिकाणी कडेच्या कट्ट्यांवरून नीट, टणक वाट केली. जुने दगड जागच्या जागी राहिले.

आम्ही खेळांच्या मोठ्या रिंगणाजवळच्या फाटकातून आत गेलो. हे दगडी रिंगण इसवी सनापूर्वी सुमारे ७० मध्ये बांधलेले आहे. त्यात सुमारे २०,००० माणसे बसत. तिथून आमची खुर्ची गावच्या मोठ्या रस्त्याला लागली.

वाटेत पाण्याचे दगडी हौद दिसले. हौदाच्या कडा एका जागी झिजून खळगे पडले आहेत. पाणी प्यायला वाकताना लोक तिथे हात टेकत. अक्का बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "आपल्या आडाच्या दगडावर दोराचे वळ पडलेत ना, तसंच हे."

पुढे भटारखाना लागला, म्हणजे पाव भाजायची जागा. तिथे दगडी जाती होती. एवढी मोठी की ती फिरवायला गाढव जुंपत. दुसऱ्या एका भटारखान्याच्या भट्टीत ८१ पाव सापडले होते. कोळसा झालेले, पण आकार तसाच. भाजायला ठेवलेला पाव काढायला कोणी आलेच नाही.

आमची चूक

इथे आमची एक चूक झाली. आम्हांला एका गल्लीतले रंगवलेले घर पाहायचे होते. नकाशा न पाहता आम्ही खुर्ची वाटेबाहेर वळवली. पन्नास पावलांवर पुढचे चाक दोन लाद्यांच्या फटीत रुतले. खुर्ची कलली. अक्काने दोन्ही हातांनी भिंत धरली. आमची छाती धडधडू लागली. आमची भाषा न येणारे दोन परके तरुण धावत आले. त्यांनी खुणेनेच विचारले, आणि खुर्ची अक्कासकट उचलून वाटेवर आणून ठेवली.

आम्ही ओशाळलो. अक्का मात्र म्हणाली, "रंगीत घर तू जाऊन बघून ये. आणि मला सांग काय काय होतं ते. मी इथं सावलीत बसते." आम्ही गेलो, पाहिले आणि परत येऊन सांगितले. सगळे काही सगळ्यांना पाहता येत नाही. पण बरेचसे पाहता आले, आणि उरलेले ऐकता आले.

अक्काचा प्रश्न

मेलेल्या माणसांभोवती राख घट्ट बसली होती. शरीर कुजून गेले, आणि राखेत त्या आकाराची पोकळी उरली. १८६३ मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली यांनी अशा पोकळीत पातळ प्लास्टर ओतले. ते वाळल्यावर माणसाचा हुबेहूब ठसा निघाला. असे ठसे आज पाहायला मिळतात. कोणी तोंड झाकून पडले आहे. कोणी कुशीवर आहे.

ते पाहून अक्का गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "पळणारे पळाले असतील. मागं राहिले ते माझ्यासारखेच ना?"

आम्ही याविषयी वाचले होते. अभ्यासकांनी तिथली हाडे तपासली आहेत. त्यांत बायका आहेत, पुरुष आहेत, तरणे आहेत, म्हातारे आहेत. केवळ दुबळी माणसेच मागे राहिली, असे त्या हाडांवरून दिसत नाही. आम्ही अक्काला तसे सांगितले.

अक्काने मान हलवली. म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

लक्ष्मीची मूर्ती

आपण ज्या मोठ्या रस्त्याने आलो, त्याच रस्त्यालगतच्या एका घरात १९३८ मध्ये हस्तिदंताची एक मूर्ती सापडली. ती भारतात घडलेली आहे. उंची सुमारे २५ सेंटिमीटर. लोक तिला लक्ष्मी म्हणतात. काही अभ्यासकांच्या मते ती यक्षी आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या. म्हणून ती आपल्या दख्खनमधून गेली असावी, असे काहींना वाटते. त्या काळी पैठणचा आणि तेरचा माल गाड्यांनी भडोचला जाई, आणि तिथून जहाजाने रोमन मुलखात.

ही मूर्ती आज नेपल्स शहराच्या संग्रहालयात आहे. दुसऱ्या दिवशी अक्काने ती पाहिली. हात जोडून म्हणाली, "बाई, तू तर माझ्याहून लांबनं आलीस."

अशा ठिकाणी जाताना

१. आधी चौकशी करावी. खुर्ची कोणत्या फाटकातून जाते, हे विचारून घ्यावे.
२. फाटकावर नकाशा मागून घ्यावा. ठरलेली वाट सोडू नये.
३. सकाळी लवकर जावे. गावात सावली थोडी आहे. पाणी आणि टोपी बरोबर असावी.
४. दमल्यावर थांबावे. सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये.
५. मदत मागायला लाजू नये.

घरी परतल्यावर आम्ही अक्काला विचारले, "घरी बसली असतीस तर?"

अक्का म्हणाली, "तर त्या हौदाची झिजलेली कड मला कोणी दाखवली असती?"

विचार करा

१. पॉम्पेईच्या रस्त्यांत उंच दगड कशासाठी मांडले होते?
२. जुने दगड न हलवता नवी वाट कशी केली?
३. आमची खुर्ची कशामुळे अडकली?
४. तुमच्या गावात अशी कोणती जागा आहे, जिथे अधू माणसाला जाता येत नाही? तिथे काय करता येईल?