पोटदुखी आणि कुळाचा वारसा

परीक्षेच्या दिवशीं घंटा होण्याच्या सुमारास एखाद्या मुलाच्या पोटांत मुरडा येऊं लागतो. वर्गांतील सोबती म्हणतात, "हा लबाडी करतो." घरची वडील मंडळी म्हणतात, "त्याच्या आईचेंहि असेंच. हें कुळांतच आहे." या दोन मतांत सत्य किती, याचा येथें विचार करूं.

डॉक्टर ज्याला 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' म्हणतात, त्या विकारांत पोट वारंवार दुखतें, कधीं जुलाब तर कधीं मलावरोध होतो. परंतु दुर्बिणीनें पाहिलें असतां आंतड्यांत जखम दिसत नाहीं. म्हणूनच रोग्यावर ढोंगाचा आळ सहज येतो. वस्तुतः आंतड्यांच्या भिंतींत मज्जातंतूंचें एक जाळें असून मेंदूशीं त्याचें दळणवळण अखंड चालूं असतें. तें बिघडलें कीं साध्या वायूचा ताणहि वेदनारूपानें जाणवतो.

आतां हा विकार कुळांतून येतो काय? याची उत्तम कसोटी म्हणजे जुळीं भावंडें. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचा अनुवंश सारखा असतो. दोन बीजांच्या जुळ्यांचा इतर सख्ख्या भावंडांइतकाच जुळतो. अमेरिकेंतील सहा हजारांहून अधिक जोड्यांची पाहणी २००१ सालीं प्रसिद्ध झाली. एकास विकार असतां दुसऱ्यासहि असण्याचें प्रमाण पहिल्या प्रकारांत शेंकडा १७, तर दुसऱ्यांत शेंकडा ८ भरलें. अनुवंशाचा कांहीं वांटा आहे, हें यावरून उघड झालें. पण अनुवंश तंतोतंत सारखा असूनहि शंभरांत ८३ वेळां दुसरें भावंड सुटलें, तें कां?

त्याच पाहणींत आणखी एक नवल आढळलें. दोन बीजांच्या जुळ्यांपैकीं ज्यांना विकार होता, त्यांच्या जुळ्या भावंडापेक्षां आईलाच तो असण्याचें प्रमाण दुपटीहून अधिक निघालें. रक्ताचें नातें तर दोघांशीं सरासरीनें सारखेंच! मूल आईकडून अनुवंश घेतें, तसेंच पोट दुखूं लागल्यावर किती घाबरावें हेंहि तिच्याकडे पाहून शिकतें, असा अर्थ संशोधकांनीं लावला. (यांत आईला दोष देण्याजोगें कांहींच नाहीं, बोलणेंहि आपण असेंच शिकतों.)

पुढें २०२१ सालीं त्रेपन्न हजारांवर रोग्यांचा अनुवंश निरोगी लोकांशीं ताडून पाहण्यांत आला. त्यांत सहा ठिकाणें संशयास्पद ठरलीं, आणि त्यांपैकीं कित्येकांचा संबंध मज्जातंतु व मनाची चिंता यांच्याशीं निघाला. प्रत्येकाचा परिणाम मात्र अगदीं अल्प. तेव्हां पोटदुखी खरी; पण ती कपाळीं लिहिलेली नव्हे.

पालकांनीं एक गोष्ट मात्र विसरूं नये. शौचांतून रक्त पडणें, वजन घटणें, ताप येणें, वेदनेनें मध्यरात्रीं जाग येणें, हीं या विकाराचीं लक्षणें नव्हत. तीं दिसतांच "आमच्या घरांत हें चालत आलें आहे" असें म्हणून थांबूं नये. मुलाला त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें.