फुटेज हातचं सोडू नका

गेल्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गानं केलेला लघुपट स्नेहसंमेलनात दाखवला गेला. पडद्यावर पहिलं नाव आलं ते लग्नांचं शूटिंग करणाऱ्या अशा गृहस्थांचं, जे चित्रीकरणाच्या काळात एक दिवसही तिकडे फिरकले नव्हते. दिग्दर्शन त्यांचं, संकलन त्यांचं, संकल्पनाही त्यांचीच. शिक्षकांच्या खोलीत मला अजून सांगितलं जातं, ‘जाऊ द्या हो बाई, पोरांची हौस झाली ना!’ मला ते जाऊ द्यायचं नाही. वर्गात सिनेमा करू पाहणारे शिक्षक आता गावोगाव आहेत, त्यांच्या मुलांच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून लिहिते आहे. आणि खरं सांगायचं तर राग अजून गेलेला नाही, म्हणूनही.

विषय जलसुरक्षेच्या प्रकल्पातून निघाला. श्रेणीचा विषय असल्यामुळे बहुतेक ठिकाणी हा प्रकल्प पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून उरकतात. आमच्या मुलांनी पेठेतल्या जुन्या आडावर सिनेमा करायचं ठरवलं. नाव ‘पोहरा’. टँकरच्या रांगेतून रिकाम्या हातानं परतलेली मुलगी आजीच्या माळ्यावरचा पोहरा काढते, आडावर जाऊन दोर सोडत राहते, आणि बऱ्याच वेळानं पोहरा खाली कोरड्या दगडावर आपटतो. तिथं सिनेमा संपतो. शेवटी संवाद नाही, संदेश नाही. हा शेवट मुलांनी भांडून ठरवला होता. निम्म्या वर्गाला पाणी लागलेलं हवं होतं, पण कथा लिहिणारी मुलगी म्हणाली, ‘आडात पाणी नाहीये, मग आपण खोटं का दाखवायचं?’ त्यावर कुणी बोललं नाही.

पोहरा दगडावर आपटल्याचा तो आवाज मिळवायला मुलांनी जे केलं ते मी पाहिलं आहे. सकाळी दुधाच्या गाड्या सुरू व्हायच्या आत सगळे आडावर जमायचे. आवाजाची जबाबदारी असलेल्या मुलानं एक फोन रुमालात गुंडाळून कापडी पिशवीत घातला आणि वेगळ्या दोरानं निम्म्यापर्यंत खाली सोडला. वर कॅमेऱ्यासमोर एकानं टाळी वाजवायची, म्हणजे दोन्हीकडचं ध्वनिमुद्रण नंतर जुळवता येतं. पहिल्यांदा पोहरा भिंतीला घासला, मग कुत्रं भुंकलं, मग वारं. शेवटी जमलं तेव्हा त्यानं पिशवी वर ओढून फोन कानाला लावला आणि सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. चौदा वर्षांच्या मुलाला मी इतकं एकाग्र फार क्वचित पाहिलं आहे.

आता स्नेहसंमेलनाची संध्याकाळ. मुलं पुढं सतरंजीवर बसली होती, मागं पालक. पडद्यावर सुरुवातीलाच ड्रोनमधून घेतलेलं गाव आलं. ते आमचं चित्रीकरण नव्हतं, कुठल्यातरी लग्नाच्या शूटिंगमधलं असावं. मग सोनेरी अक्षरांत नाव, त्याखाली या गृहस्थांचं नाव. आजी बोलत होती त्या प्रसंगावर एक गाजलेलं सिनेमातलं गाणं चढवलेलं, आजीचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. तरी मी मनाशी म्हणत होते की निदान शेवट ठेवला असेल. मुलगी आडापाशी आली, दोर सुटला, स्लो मोशन सुरू झाली, गाण्याचा कोरस उंच गेला आणि पडद्यावर ‘पाणी वाचवा, देश वाचवा’ अशी पाटी आली. टाळ्या. आवाज टिपणारा तो मुलगा मागं वळून माझ्याकडं बघत होता. ‘बाई, आवाज?’ एवढंच म्हणाला. मला उत्तर देता आलं नाही.

ते गृहस्थ शाल-श्रीफळ घेऊन रंगमंचावरून उतरले तेव्हा मी विचारलं. त्यांचं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं. ‘मॅडम, तो ठक्क आवाज पब्लिकला कळला नसता. शेवटाला पंच लागतो.’ मुलांच्या नावांचं काय, तर ‘सगळ्यांची नावं टाकली असती तर पाट्याच पाच मिनिटं चालल्या असत्या. सहकार्य इयत्ता नववी असं टाकलंय की.’ मूळ फुटेज परत मागितलं, तेव्हा आधी ‘देतो’, मग ‘शोधतो’, आणि शेवटी ‘सिस्टीम फॉरमॅट मारली.’ चित्रीकरणाचं मेमरी कार्ड त्यांना संकलनासाठी शाळेच्या कार्यालयातून दिवाळीच्या सुट्टीत दिलं गेलं होतं, मला न विचारता, मी परगावी असताना. ते कुणाच्या सांगण्यावरून दिलं, हे मी लेखी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही. पालकांच्या फोनमधलं मूळ चित्रीकरण तोवर जागा हवी म्हणून पुसलं गेलं होतं.

मला असंही ऐकवलं गेलं की ज्यानं एडिट केलं त्याचाच सिनेमा. हे खोटं आहे. १९५७चा कॉपीराइट कायदा चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला धरतो, आणि निर्माता म्हणजे ती कलाकृती घडवण्यात पुढाकार घेणारी आणि जबाबदारी उचलणारी व्यक्ती. संगणकावर तुकडे जोडल्यानं कुणी मालक होत नाही. नोकरीत असताना केलेल्या कामावर शाळेचा हक्क किती, शिक्षकाचा किती, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो आधीच कागदावर मिटवलेला बरा.

गाण्याचंही तसंच. ‘शाळेत सगळं चालतं’ हे अर्धं खरं आहे. याच कायद्याच्या कलम ५२मध्ये शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक, विद्यार्थी, पालक अशा शाळेशी संबंधित प्रेक्षकांपुढं सादर करण्याला सूट आहे. पण तेच गाणं आपल्या सिनेमाला जोडून तो इंटरनेटवर टाकणं किंवा स्पर्धेला पाठवणं त्यात बसत नाही. आमचा लघुपट एका स्पर्धेनं याच कारणानं परत केला. मुलांनी स्वतः केलेल्या आवाजांवर चाललेला सिनेमा दुसऱ्याच्या गाण्यापायी बाद झाला. तुमच्या गावात हलगी वाजवणारं कुणीतरी असेल, पेटी वाजवणारी मुलगी वर्गातच असेल. त्यांच्याकडून वाजवून घ्या आणि त्यांची लेखी परवानगी ठेवा.

पण सर्वांत आधी फुटेज. चित्रीकरण झालं त्याच संध्याकाळी त्याच्या प्रती तीन ठिकाणी गेल्या पाहिजेत: शाळेचा संगणक, एक हार्ड डिस्क, आणि तिसरी शिक्षकाच्या घरी. तिसरीबद्दल कुणी भुवया उंचावल्या तर उंचावू द्या. फोनवरून फोनवर पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, दर्जा पार उतरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबल लावा. फोर-केचा मोह टाळा. मिनिटाला तीनशे-चारशे एमबी जागा जाते आणि शाळेच्या पडद्यावर फरक दिसत नाही.

बाहेरच्या माणसाची मदत लागलीच, तर त्याला प्रत द्या, मूळ कधीच नाही. आणि एक कागद करा. वकील नको, अर्धं पान पुरतं. काम कोणतं, शेवटचा कट मुलांनी पाहून मान्य केल्याशिवाय दाखवायचा नाही, नावं कोणत्या क्रमानं येणार, आणि त्यानं स्वतःच्या जाहिरातीसाठी काहीही वापरायचं नाही. हे शेवटचं मी उगाच लिहीत नाही. आमच्या सिनेमातल्या मुलीचा चेहरा त्या गृहस्थांच्या चॅनलवर लग्नाच्या पॅकेजच्या दरांशेजारी झळकला होता. तिचे वडील शाळेत आले, आणि बरोबरच होतं त्यांचं. तो व्हिडिओ खाली उतरवता आला तो केवळ मी घेतलेल्या संमतिपत्रात ‘फक्त शालेय कार्यक्रमासाठी’ असे शब्द होते म्हणून. ‘आमची हरकत नाही’ अशी मोघम सही पालकांकडून घेऊ नका. कुठं दाखवणार, किती काळ, काढून टाकायला कुणाला सांगायचं, हे सगळं लिहा. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचे सगळेच बालक आहेत आणि त्यांच्या माहितीच्या वापराला पालकांची संमती लागते.

बाकी तांत्रिक गोष्टी लवकर जमतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली पडदा लुकलुकत असेल तर फोनमध्ये २५ फ्रेम आणि शटर एक पन्नासांश ठेवा. पंखे बंद. प्रत्येक जागेचा नुसता शांत आवाज अर्धा मिनिट वेगळा टिपून ठेवा, संकलनात जोड लपवायला तो लागतो. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. मुलं पहिल्यांदा पंचवीस पानं लिहितात, त्यांना पाचावर आणा. आम्ही नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ दाखवला, तेव्हा पंधरा मिनिटांत किती मावतं ते त्यांना कळलं. साधनं नाहीत म्हणून रडणाऱ्यांना फाळक्यांची गोष्ट सांगा. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या दाण्यातून वेल कसा वाढतो, ते रोज थोडं थोडं टिपून चित्रपट केला होता.

वेळापत्रक दहीहंडीपासून दिवाळीपर्यंत बसवा. सहामाही परीक्षेच्या आधी चित्रीकरण उरकलं पाहिजे, कारण नंतर संमेलनाच्या नाचांच्या तालमी सुरू होतात आणि मुलं मिळत नाहीत. आड, बारव, नदी असेल तर जाळी असल्याशिवाय आणि दोन मोठी माणसं असल्याशिवाय एकही शॉट घेऊ नका. सगळ्या मुलांना काही ना काही काम द्या, धीर धरा, वगैरे तुम्हाला माहीत आहेच.

संकलन मुलांनाच करू द्या. शॉटकटसारखं मोफत सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर चालतं. जोड ओबडधोबड होतील, पण कुठला आवाज ठेवायचा हे ज्यानं तो मिळवला तोच ठरवेल. ‘क्वालिटी येणार नाही’ म्हणणाऱ्या संस्थाचालकांना नम्रपणे विचारा की प्रकल्प कुणाच्या शिक्षणासाठी आहे.

आणि श्रेयाच्या पाट्या चित्रीकरणाच्या आधी करून मुख्याध्यापकांची त्यावर सही घ्या. यंदाच्या वर्गाची यादी फायलीत लागली आहे. ‘पोहरा’च्या मुलांची मूळ यादीही मी दिली आहे, शाळेकडच्या प्रतीत ती लावावी आणि त्या गृहस्थांचं नाव काढावं असा अर्ज केला आहे. ती मुलं आता दहावीत आहेत, मार्चनंतर शाळेत नसतील. अर्जाचा निर्णय त्याआधी व्हावा एवढीच माझी मागणी आहे, आणि दर सोमवारी मी कार्यालयात जाऊन तो विचारते.