भयाला उत्तर अभयाचे



रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना बस्तर दूर वाटते. जगदलपूर येथून सुमारे ३०० किलोमीटर आहे. पण तिकडे स्फोट झाला की जखमी जवानांना घेऊन हेलिकॉप्टर रायपूरलाच उतरते. तो आवाज आपण घरात बसून ऐकला आहे. म्हणून या विषयाचे चिंतन आपल्याला टाळता येणार नाही.

दहशत काय करते?

दहशत मारते थोड्यांना, पण भिववते सर्वांना. ६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटला येथे ७६ जवान हुतात्मा झाले. तो आकडा आपल्या लक्षात राहतो. पण ज्या गावात शाळेची इमारत उडवली जाते, रस्ता खोदला जातो, तिथे गुरुजी येत नाहीत, आठवडी बाजार ओस पडतो. शेजारी शेजाऱ्याकडे खबऱ्या म्हणून पाहू लागतो. माणसामाणसांतला विश्वास तुटणे, हेच दहशतीचे खरे यश होय.

भयाला भयाने उत्तर?

नागरिकांचे रक्षण हे शासनाचे कर्तव्यच आहे. त्यासाठी प्राण देणाऱ्या जवानांचे ऋण आपल्यावर आहे. परंतु शस्त्र कोणाच्या हाती द्यावे, याला मर्यादा हवी. २००५ मध्ये सलवा जुडूम सुरू झाले आणि गावकरीच गावकऱ्यांसमोर उभे राहिले. कितीतरी गावे रिकामी झाली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून माओवाद्यांविरुद्ध शस्त्र देणे घटनाबाह्य ठरवले.

विश्वासाची शक्ती

आता दुसरे उदाहरण पाहू. विनोबांचे शिष्य धरमपाल सैनी यांनी बस्तरला जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा विनोबांनी अट घातली : किमान दहा वर्षे तिथून हलायचे नाही. १९७६ पासून सैनीजींनी आदिवासी मुलींसाठी आश्रमशाळा उभ्या केल्या. दहा वर्षे संपली, तरी ते परतले नाहीत. लोक त्यांना प्रेमाने 'ताऊजी' म्हणू लागले.

३ एप्रिल २०२१ रोजी टेकलगुडाच्या चकमकीत २२ जवान हुतात्मा झाले आणि एक जवान माओवाद्यांच्या ताब्यात सापडला. त्याला आणायला जंगलात कोण गेले? नव्वदी गाठलेले ताऊजी, गोंडवाना समाजाचे तेलम बोरैया आणि स्थानिक पत्रकार. ८ एप्रिलला शेकडो गावकऱ्यांसमोर जवानाची सुटका झाली. ते सामर्थ्य त्या एका दिवसात आले नव्हते. त्यामागे पंचेचाळीस वर्षांची सेवा होती. संकटाच्या दिवशी जो विश्वास उपयोगी पडतो, तो शांततेच्या दिवसांत कमवावा लागतो.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना 'अभय' या गुणापासून सुरू होते. अभय म्हणजे केवळ स्वतः न भिणे नव्हे. आपल्यामुळे दुसऱ्यालाही भय न वाटणे, हा त्याचा पूर्ण अर्थ आहे.

आपले कर्तव्य

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी जगदलपूरला २१० माओवाद्यांनी शस्त्रे खाली ठेवली. आता परीक्षा आपली आहे. त्यांच्यापैकी कोणी रायपूरला काम मागायला, भाड्याने खोली विचारायला आला, तर आपण दार उघडू का? ज्यांच्या घरचा माणूस हिंसेत गेला, त्यांच्याकडे आपण दुसऱ्या वर्षीही जाऊ का? दोन्ही गोष्टी कठीण आहेत. दोन्ही केल्याशिवाय जखम भरणार नाही.

या आठवड्यात तीन गोष्टी करून पाहूया :

१. भय किंवा द्वेष वाढवणारा, खातरजमा न केलेला एकही संदेश पुढे पाठवायचा नाही.
२. बस्तरहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याला घरी जेवायला बोलवायचे आणि त्याच्या गावाविषयी ऐकायचे.
३. रोज रात्री स्वतःला विचारायचे : आज घरात, कामावर कोणी मला भ्यायले का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आले, तर साधनेचा आरंभ तिथूनच करूया.