खाऱ्या वाळूतील गहू

मुलांनो, दुबई, शारजा, अबू धाबी ही नावे तुम्ही ऐकली असतील. ती संयुक्त अरब अमिराती या देशातील शहरे आहेत. आपल्याकडची कितीतरी माणसे तेथे कामासाठी गेली आहेत. या देशात पाऊस फार थोडा पडतो. आत वाळवंट, तर किनाऱ्याला खारा समुद्र! किनाऱ्यावरची वाळू वाऱ्याने उडते आणि तिच्या टेकड्या बनतात.

अशा वाळूत काय उगवणार? पण तेथे एक गवत उगवते. त्याची पाने ताठ व टोकदार असतात. त्याची खोडे हरळीसारखी वाळूवर पसरतात आणि त्यांच्या पेरांना मुळे फुटतात. वाऱ्याबरोबर आलेली वाळू गवताच्या झुपक्यांना अडते व तेथेच साठते. गवत वाळूत बुडू लागले, की ते पुन्हा वर डोके काढते. मग आणखी वाळू अडते. अशी टेकडी हळूहळू वाढत जाते.

शास्त्रज्ञ या गवताला 'हॅलोपायरम म्युक्रोनॅटम' म्हणतात. केवढे लांबलचक नाव! पण त्याचा अर्थ सोपा आहे. ग्रीक भाषेत 'हॅल्स' म्हणजे मीठ किंवा समुद्र आणि 'पायरोस' म्हणजे गहू. लॅटिन भाषेत 'म्युक्रो' म्हणजे अणकुचीदार टोक. म्हणजे हा झाला खाऱ्या जागेतला, टोकदार गहू! अर्थात, हा आपल्या पोळीचा गहू नव्हे. गहूही गवताच्याच कुळातला, एवढेच त्यांचे नाते.

हे नाव एकट्या माणसाने दिलेले नाही. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७६२ साली या गवताला टोकदार म्हटले. पण त्यांनी ते दुसऱ्याच एका गवताच्या गटात घातले होते. पुढे १८९६ साली ऑटो स्टाफ या शास्त्रज्ञांनी त्याचा वेगळा गट केला आणि त्याला 'हॅलोपायरम' हे नाव दिले. 'टोकदार' हा जुना शब्द मात्र त्यांनी तसाच ठेवला. एका नावात दोघांचे काम असे एकत्र आले.

हे गवत आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावरही आढळते. किनाऱ्यावर इमारती व रस्ते झाले, की वाळूच्या टेकड्या सपाट होतात आणि गवतही जाते. मग मोकळी वाळू अडवणार कोण? साधे गवत; पण किनाऱ्याचा केवढा मोठा राखणदार!

स्वाध्याय
१. गवतामुळे वाळूची टेकडी कशी वाढते?
२. 'हॅलोपायरम' या नावाचा अर्थ सांगा.
३. तुमच्या परिसरातील एका गवताचे नाव शोधा. ते नाव कशावरून पडले असेल, हे मोठ्या माणसांना विचारा.