जेईई न देता आयआयटी? आधी नियम वाचा

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हातात पडले की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. “ते आयआयटी मद्रासचं ऑनलाइन काय आहे म्हणे? जेईई लागत नाही?” नाही लागत. वयाची अट नाही, बारावीला सायन्सच हवं असंही नाही. एवढं ऐकून अर्धे पालक खूश होऊन फोन ठेवतात. उरलेल्या अर्ध्यांना लगेच शंका येते, की एवढं सोपं असेल तर त्यात काहीतरी गोम असणार. गोम अशी काही नाही. प्रवेशाचं दार मोठं ठेवलंय आणि चाळणी आत लावलीय, इतकंच. ती चाळणी कशी चालते हे ज्यांनी आधी समजून घेतलं नाही, त्यांची मुलं दुसऱ्या-तिसऱ्या सत्रातच गळतात.

आयआयटी मद्रासने 2020 मध्ये प्रोग्रामिंग आणि डेटा सायन्स या विषयाची ऑनलाइन बीएस्सी सुरू केली. पुढे तिची चार वर्षांची बीएस झाली. आजचं नाव ‘डेटा सायन्स अँड अ‍ॅप्लिकेशन्स’. नावात कॉम्प्युटर सायन्स नसलं तरी पायथन, जावा, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, वेब अ‍ॅप बनवणं हे सगळं आत आहे. मात्र ही बीटेक नव्हे, हे पहिल्याच दिवशी घरात सगळ्यांनी मान्य करावं. ज्या नोकरीच्या जाहिरातीत ‘बीई किंवा बीटेक’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथे बीएस चालेलच असं धरून बसू नये. नातेवाइकांना सांगताना “मुलगा आयआयटीत आहे” एवढंच सांगायचं आणि बाकीचं गिळायचं, हा प्रकार मी बराच पाहते. त्याचा त्रास शेवटी मुलालाच होतो.

पात्रता अशी: बारावी पास, कोणत्याही शाखेतून, आणि दहावीला गणित आणि इंग्रजी घेतलेलं असलं पाहिजे. आर्ट्सची मुलगी अर्ज करू शकते, कॉमर्सचा मुलगा करू शकतो, चाळिशीतले बाबासुद्धा करू शकतात. अर्ज केला म्हणजे प्रवेश झाला असं मात्र नाही. आधी चार आठवड्यांचा पात्रता टप्पा असतो. इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग असे चार विषय. व्हिडिओ लेक्चर्स पाहायची, दर आठवड्याच्या असाइनमेंट्स सोडवायच्या, त्यात किमान सरासरी मिळाली तरच पात्रता परीक्षेला बसता येतं. ही परीक्षा चार तासांची, केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यायची. खुल्या प्रवर्गाला प्रत्येक विषयात 40 टक्के आणि एकूण 50 टक्के लागतात. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना त्यात सवलत आहे. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला बसायला पात्र ठरलेल्या मुलांना हा टप्पा न देता थेट प्रवेश घेण्याची सोय आहे.

बारावीला गणित सोडलेल्या मुलांचा खरा कस इथे लागतो. फंक्शन, आलेख, लॉगरिदम यांची भाषा चार आठवड्यांत अंगवळणी पाडायची म्हणजे रोज बसावं लागतं. माझा सल्ला असा, की अर्जाचे पैसे भरण्याआधी मुलाने महिनाभर अकरावीचं गणिताचं पुस्तक काढून बसावं. जमलं तर पुढे जा. कंटाळा आला तर निदान अर्जाची फी वाचली.

आता मुख्य मुद्दा, ज्याबद्दल पालक कधीच विचारत नाहीत. प्रवेश झाल्यावर काय?

वर्षात तीन सत्रं असतात: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. पायाभूत टप्प्यात आठ विषय, 32 क्रेडिट. पहिल्या सत्रात किती विषय घेता येतील हे पात्रता परीक्षेतल्या गुणांवर ठरतं. एका विषयाला आठवड्याला साधारण दहा तास धरा. चार विषय घेतले तर चाळीस तास, म्हणजे पूर्ण वेळची नोकरीच. “घरीच तर आहे, जरा बँकेत जाऊन ये” असं म्हणणाऱ्या घरात चार विषय घेऊ नयेत, दोनच घ्यावेत. नियम तशी मुभा देतात. पदवी पूर्ण करायला आठ वर्षांपर्यंत वेळ आहे, त्यामुळे सावकाश जाण्यात कमीपणा नाही.

दर आठवड्याच्या असाइनमेंटला मुदत असते. ती संपली की पोर्टल उत्तर घेत नाही. “सर, लाइट गेली होती” हे ऐकायला पलीकडे कोणी बसलेलं नसतं. आणि या असाइनमेंट्स केवळ गुणांसाठी नाहीत. सुरुवातीच्या आठवड्यांच्या असाइनमेंट्समध्ये ठरलेली किमान सरासरी नसेल, तर सत्राच्या अंतिम परीक्षेला बसूच देत नाहीत. मध्ये दोन क्विझ असतात, त्याही केंद्रावर जाऊन द्यायच्या, आणि अंतिम परीक्षेच्या पात्रतेत त्यांच्या हजेरीचीही अट असते. म्हणजे मामाच्या लग्नात एक आठवडा, आजारपणात एक, गणपतीत एक असं करत गेलं तर नोव्हेंबरात मुलगा सांगतो, “आई, मला परीक्षेला बसता येणार नाही.” फी गेली, विषय पुन्हा. पायथनसारख्या विषयात कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली ठरावीक वेळात प्रत्यक्ष कोड लिहायची परीक्षा वेगळी असते. तिथे पाठांतर कामाला येत नाही.

इथेच टेलिग्रामच्या ग्रुपचा विषय येतो. असाइनमेंटची उत्तरं तिथे फिरतात, आता एआयही उत्तरं काढून देतं. ती टाकून सरासरी राखता येते, पण केंद्रावरच्या पेपरला मुलगा कोरा बसतो. प्रोजेक्टमध्ये तर व्हायवा असते. स्वतः न लिहिलेल्या कोडबद्दल दोन प्रश्न विचारले की घाम फुटतो. नक्कल पकडली गेली तर शिस्तभंगाची कारवाई होते, हेही नियमावलीत लिहिलेलं आहे. मुलाच्या स्क्रीनवर आईवडिलांनी चोवीस तास डोळा ठेवावा असं मी म्हणणार नाही. आठवड्यातून एकदा “या आठवड्यात काय शिकलास, मला समजावून सांग” एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

या अभ्यासक्रमाची एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती म्हणजे मध्येच थांबण्याची सोय. पायाभूत टप्पा झाला की प्रमाणपत्र. त्यापुढे प्रोग्रामिंग आणि डेटा सायन्स असे दोन डिप्लोमा, प्रत्येकी 27 क्रेडिटचे. 114 क्रेडिट झाले की बीएस्सी, 142 झाले की बीएस. आपल्याकडे इंजिनीअरिंग अर्धवट सोडलेल्या मुलाच्या हातात उरतं काय, तर केट्यांचा हिशेब. इथे निदान पूर्ण केलेल्या टप्प्याचा कागद राहतो. परदेशात मास्टर्स करायचा विचार असेल तर तीन वर्षांच्या बीएस्सीवर न थांबता चार वर्षांची बीएस पूर्ण करणं शहाणपणाचं, कारण बरीच विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात.

फी एकदम भरायची नसते; सत्रात जेवढे विषय घ्याल तेवढ्यांची भरायची. कौटुंबिक उत्पन्न कमी असेल तर मोठी सवलत मिळते, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांनाही मिळते. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला तहसीलमधून वेळेत काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रात रांग लावू नका. लॅपटॉप मात्र लागतोच. मोबाईलवर लेक्चर पाहता येतं, कोड लिहिता येत नाही.

कॉलेजचं आयुष्य, मित्र, कट्टा यांचं काय, हा प्रश्न खरा आहे. त्याला एक उत्तर यूजीसीने 2022 मध्ये दिलं: एक पदवी प्रत्यक्ष कॉलेजात आणि दुसरी ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने एकाच वेळी करता येते. गावातल्या कॉलेजात बीएस्सी आणि सोबत ही बीएस, असं करणारी मुलं आहेत. झेपतं, पण पहिलं सत्र कमी विषयांचं ठेवूनच.

आयआयटीशिवाय इतर विद्यापीठांच्या ऑनलाइन बीसीए, एमसीएच्या जाहिरातीही तुम्हाला दिसतील. तिथे एक तपासणी न चुकता करा. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं, त्याच अभ्यासक्रमाचं आणि याच वर्षाचं नाव आहे का? प्रवेशासाठी विद्यार्थ्याला त्या ब्युरोचा डीईबी आयडी स्वतः काढावा लागतो. “आयडीची गरज नाही, आम्ही बघतो” असं एजंट म्हणाला तर तिथून उठा. आणि कोणी ‘ऑनलाइन बीटेक’ विकत असेल तर बोलणं तिथेच संपवा, कारण यूजीसीच्या नियमांत इंजिनीअरिंगची पदवी ऑनलाइन देण्यास मनाई आहे.

नोकरीची हमी ही पदवी देत नाही, कुठलीच देत नाही. मुलाखतीत गिटहबवर काय आहे, प्रोजेक्ट कोणता केला, हे विचारतात.

फी, तारखा आणि गुणांच्या अटी सत्रागणिक बदलतात. म्हणून यूट्यूबवरच्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. अभ्यासक्रमाच्या अधिकृत संकेतस्थळावर विद्यार्थ्यांसाठीची नियमावली आणि प्रत्येक विषयाचं गुणांकन दिलेलं असतं. ती पानं मुलाने आणि पालकांनी एकत्र बसून वाचावीत, अंतिम परीक्षेला बसण्याच्या अटी वहीत उतरवाव्यात, आणि मगच पैसे भरावेत.