दारूची मूठ सारखी पडली पाहिजे

प्रश्न : पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेंनी नेमबाजीत पदक जिंकलं ते आम्ही घरचे सगळे जण टीव्हीसमोर बसून पाहिलं. परदेशात काही नेमबाज घरीच काडतुसं भरतात, म्हणजे प्रत्येक गोळी सारखी सुटते, असं ऐकलं. कुसाळेही तसंच करतात का? विकतच्या काडतुसांत असा काय फरक असतो?
– एक वाचक, खटकचिंचोळी (ता. भालकी, जि. बीदर)

उत्तर : नाही. ठरवलं तरी त्यांना ते करता येणार नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या कुसाळेंनी १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफलमध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतलं. या प्रकारात पॉइंट टू टू म्हणजे ५.६ मिलिमीटरचं काडतूस लागतं. त्याचा पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या काठात भरलेला असतो. घोड्याची पिन तो काठच चेपते. चेपलेली पुंगळी पुन्हा कामाची राहत नाही. घरी भरतात ती मोठ्या रायफलींची काडतुसं. त्यांच्या बुडाला मधोमध वेगळी टोपी असते आणि ती बदलता येते. आपल्याकडे तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हाच आहे, आणि ते योग्यच आहे. दारू मोजण्यातली चूक हातातल्या बंदुकीतच फुटते.

आता फरकाचं. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईचा हात एकसारखा सुटला नाही, तर तुरीचं तास कुठे दाट, कुठे विरळ उगवतं. बियाणं चांगलं असूनही! काडतुसातही दारू जास्त की कमी हा प्रश्न नसतो, दर वेळी तेवढीच पडली का, हा असतो.

हिशोबच करून पाहू. ही गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगानं निघते आणि ५० मीटर जाईपर्यंत साधारण १२ सेंटीमीटर खाली येते. ते धरूनच नेम बसवलेला असतो. पण एखाद्या काडतुसाचा वेग सेकंदाला १० मीटरनं कमी भरला, तर गोळी आणखी ७ मिलिमीटर खाली लागते. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं आहे. म्हणजे नेमबाजाचा श्वास, बोट, नजर सगळं जागेवर असूनही १०.९ चा नेम जेमतेम १० वर येतो. अंतिम फेरीत दशांश गुणानं पदकं हुकतात, हे लक्षात घ्या.

म्हणून मोठे नेमबाज काडतुसं भरत नाहीत, निवडतात. एकाच कारखान्याचं, एकाच नावाचं काडतूस. तरी प्रत्येक लॉट थोडा वेगळा वागतो. एकाच्या बॅरलला जमलेला लॉट दुसऱ्याच्या बॅरलला जमेलच असं नाही. बर्मिंगहॅमची इली, लापुआ अशा कंपन्यांकडे यासाठी खास चाचणीची सोय आहे. तिथे बॅरल पकडीत घट्ट आवळतात, म्हणजे माणसाच्या हाताचा दोष मध्ये येत नाही. मग एकेका लॉटच्या गोळ्या झाडून कागदावर भोकांचा घोळका किती लहान पडतो ते मोजतात. ज्याचा घोळका सर्वांत घट्ट, त्याच लॉटची खोकी जमतील तेवढी एकदम विकत घेऊन ठेवतात. ती संपत आली की पुन्हा नवे लॉट, पुन्हा तीच मोजणी.