कायद्याचे अध्यापन आणि पोलीस ठाण्याची पायरी

रोहे तालुक्यातील धाटाव हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. कारखान्यांच्या निमित्ताने परगावची कुटुंबे येथे आली. तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात कातकरी व ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. अशा संमिश्र वस्तीत घरातील मुलगी बेपत्ता झाली वा मारहाण झाली, तर लोक प्रथम पोलीस पाटील अथवा सरपंच यांच्याकडे जातात व तेथून ठाण्याची वाट धरतात. त्या वाटेवर स्त्रीला आज जे संरक्षण आहे, त्यातील बराचसा भाग कायद्याच्या चार प्राध्यापकांच्या एका पत्रापासून सुरू झाला, ही गोष्ट ग्रामीण भागात फारशी ठाऊक नाही.

२६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चांदा जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात एक आदिवासी मुलगी आपल्या भावाच्या तक्रारीच्या संदर्भात आली होती. रात्री इतरांना बाहेर जाण्यास सांगून तिला आत थांबवून घेण्यात आले. तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरविले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा झाला नाही, सबब संमती होती, असा निष्कर्ष निघाला.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. केळकर हे फौजदारी प्रक्रियेचे अभ्यासक. त्यांचा ग्रंथ विद्यार्थी व वकील आजही वापरतात. धगमवार यांनी भारतीय दंड संहितेतील व्यक्तिहक्कांवर संशोधन केले होते. निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हा पत्रातील मुख्य मुद्दा. दुसरा मुद्दा अधिक व्यवहारी आहे. मुलीला रात्री ठाण्यात बोलावून अडवून ठेवण्याविषयी निकालपत्रात निषेधाचा एक शब्दही नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. वर्गात कलम शिकविणाऱ्यासच ही उणीव चटकन दिसावी, हे स्वाभाविक होय.

निकाल बदलला नाही. परंतु देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस कोठडीतील अत्याचार हा स्वतंत्र, अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा ठरला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे ठरले. पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यासही बंदी आली.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, तरी या तरतुदी कायम आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार साक्षीदार स्त्रीस जबाबासाठी तिच्या घराखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. १५ वर्षांखालील मुलगा, ६० वर्षांवरील पुरुष, दिव्यांग अथवा गंभीर आजारी व्यक्ती यांनाही हाच नियम लागू आहे. स्वखुशीने ठाण्यात येण्यास मात्र हरकत नाही. ठाण्याचा निरोप वाडीवर पोहोचविताना पोलीस पाटलाने ही खूशी खरोखरच आहे काय, हे विचारून घेणे इष्ट.

धगमवार यांनी पुढे १९८५ मध्ये दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था स्थापन केली. कायदा सामान्यांना सोप्या भाषेत समजावून देणे, हे या संस्थेचे एक प्रमुख काम राहिले. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.